उघडी सीमा, बेदखल कामगार

दिवाळी उलटून कोकणात थंडी पडू लागली की रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या आंबा बागांमध्ये नेपाळी कामगार येऊ लागतात. मोहोर येण्याच्या दिवसांपासून शेवटची पेटी बाजारात जाईपर्यंत ते बागेतच खोपटे बांधून किंवा पत्र्याच्या शेडमध्ये मुक्काम करतात. फवारणीसाठी पाणी वाहायचे, वानरांना हाकलायचे, रात्रीची राखण करायची आणि फळ तयार झाले की झेल्याने देठासकट एकेक आंबा उतरवायचा, ही कामे आता मोठ्या प्रमाणावर त्यांच्याच अंगावर आहेत. रत्नागिरीच्या मच्छीमार नौकांवर नेपाळी खलाशी आहेत आणि मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांच्या फाटकांवर तर त्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. हा माणूस आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून आलेला असतो, पण त्याच्याजवळ व्हिसा नसतो, आणि तो नसणे पूर्णपणे कायदेशीर आहे. येण्याचा, राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क त्याला आहे. मात्र तो कुठे, कुणाकडे, किती पगारावर राबतो याची नोंद ना त्याच्या देशाकडे आहे ना आपल्या. दक्षिण आशियाने, निदान या एका सीमेवर, कामगाराला जगात क्वचितच कुणाला मिळते एवढे स्वातंत्र्य दिले, पण त्याबरोबर हक्कांचा हिशेब ठेवलाच नाही, आणि त्याची किंमत सगळ्यात गरीब माणूस मोजतो आहे. हा हिशेब सीमा उघडी ठेवूनच सुरू करता येतो आणि त्याची सुरुवात महाराष्ट्राला करता येण्यासारखी आहे.

या स्वातंत्र्याचा आधार म्हणजे ३१ जुलै १९५० रोजी झालेला भारत-नेपाळ शांतता आणि मैत्री करार. त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या भूमीवर राहण्याचे, मालमत्ता बाळगण्याचे, व्यापार-उदीम करण्याचे आणि ये-जा करण्याचे सारखे अधिकार दिले. पाच भारतीय राज्यांना लागून असलेली सुमारे पावणेदोन हजार किलोमीटरची ही सीमा त्यामुळे उघडी आहे. नेपाळच्या २०११ च्या जनगणनेत घराबाहेर, परदेशात असलेल्यांची संख्या १९ लाखांहून अधिक निघाली आणि त्यांतले जवळपास ३८ टक्के भारतात होते. २००१ मध्ये हाच वाटा तीन चतुर्थांशांहून जास्त होता. मधल्या दहा वर्षांत आखाती देश आणि मलेशिया यांच्याकडे ओघ वळला, पण तिकडे जायला पारपत्र लागते, दलालाची फी लागते, विमानाचे भाडे लागते. भारतात यायला बसचे भाडे पुरते. म्हणून कर्ज काढण्याचीही ऐपत नसलेला माणूस भारतात येतो. अछाम, बझाङ, बाजुरा, डोटी या नेपाळच्या सुदूर पश्चिमेकडच्या डोंगराळ जिल्ह्यांतून हा प्रवाह विशेष मोठा आहे. शिवाय जनगणनेतला आकडा घरच्यांनी सांगितलेल्या माहितीवर उभा असतो. चार-सहा महिन्यांसाठी येऊन परतणारा हंगामी कामगार त्यात नीट सापडत नाही आणि आपल्या बागांमधला कामगार नेमका तोच आहे.

आता कायद्यांकडे पाहू. नेपाळने २००७ साली परदेशी रोजगाराचा कायदा केला. कतारला किंवा मलेशियाला जाणाऱ्याला श्रमपरवाना घ्यावा लागतो, विमा उतरवावा लागतो, कल्याण निधीत पैसे भरावे लागतात. आणि तो तिकडे दगावला तर कुटुंबाला त्या निधीतून मदत मिळते. भारतात जाणाऱ्याला श्रमपरवाना लागत नाही. सवलत म्हणून ते ठीकच, पण परवाना नाही म्हणून त्याला जोडलेले संरक्षणही नाही. इकडे भारतात स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा आंतरराज्य कायदा झाला. त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या संहितेतही स्थलांतरित म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेला, अशीच व्याख्या आहे. बझाङ हे भारताचे राज्य नाही, त्यामुळे तिथला माणूस या व्याख्येत बसत नाही. एका देशाच्या लेखी तो परदेशी गेलेला नाही आणि दुसऱ्याच्या लेखी तो स्थलांतरित नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा घ्या. तो राष्ट्रीयत्व विचारत नव्हता आणि भरपाईची रक्कम दुसऱ्या देशातल्या वारसांपर्यंत पोचवण्याच्या व्यवस्थेचीही त्यात सोय होती. पण भरपाई मागायची तर तो माणूस आपल्याकडे कामाला होता आणि त्याला अमुक पगार होता, हे सिद्ध करावे लागते. हजेरीपत्रक नाही, पगारपत्रक नाही, पैसे हातात रोख दिलेले. इमारतीवरून किंवा नौकेवरून पडून गेलेल्याची बायको डोंगरातल्या गावातून हे पुरावे कुठून आणणार? कायदा तिच्या बाजूचा असूनही तिला त्याचा उपयोग नाही.

हे अटळ आहे असे कुणी म्हणेल, तर त्याला उत्तर याच दोन देशांच्या व्यवहारात आहे. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला आणि दहापैकी सहा गुरखा रेजिमेंट भारताकडे आल्या. तेव्हापासून नेपाळचा नागरिक भारतीय सैन्यात भरती होतो, निवृत्त होऊन आपल्या गावी परततो आणि काठमांडू, पोखरा, धरान इथल्या भारताच्या निवृत्तिवेतन कार्यालयांमार्फत त्याला पैसे मिळतात. सैनिक गेला तर त्याच्या विधवेला मिळतात. अशा निवृत्तिवेतनधारकांची संख्या लाखाच्या वर आहे. डोंगराळ मुलूख, दोन चलने, वारसाचे दाखले, या सगळ्या अडचणी तिथेही होत्या आणि त्या सोडवल्या गेल्या, कारण सैनिकाची नोंद होती आणि त्याला दिलेला शब्द लेखी होता. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, चार वर्षांनी निवृत्तिवेतनाशिवाय बहुतेकांना घरी पाठवण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा १९४७ च्या कराराचा दाखला देत नेपाळने भरती थांबवली. सैनिकाच्या हक्काला धक्का लागला तेव्हा त्याचे सरकार बोलले. त्याच डोंगरातून आलेल्या, तितकीच वर्षे आपल्या फाटकांवर जागून काढलेल्या चौकीदाराच्या म्हातारपणाबद्दल मात्र दोन्ही सरकारे कधी चर्चेला बसल्याचे दिसत नाही.

युरोपचा क्रम इथे ध्यानात घेण्यासारखा आहे. १९५७ च्या रोम कराराने युरोपीय आर्थिक समुदाय जन्माला आला, पण कामगारांचा मुक्त संचार प्रत्यक्षात पूर्ण व्हायला १९६८ उजाडले. सामाजिक सुरक्षेचे नियम मात्र त्याच्या दहा वर्षे आधीच, १९५८ मध्ये झाले. समुदायाने केलेल्या अगदी पहिल्या चार नियमांपैकी तिसरा आणि चौथा या विषयाचे होते. इटलीतून बेल्जियमच्या खाणीत गेलेल्या मजुराची तिथली वर्षे त्याच्या निवृत्तिवेतनात धरली जावीत आणि पैसे त्याला गावी मिळावेत, हा त्यांचा गाभा. कारण साधे होते. परतल्यावर आपली वर्षे बुडणार असतील तर माणसाला दिलेली संचाराची मुभा अर्धीच असते, हे तिथल्या कामगार संघटनांना आणि सरकारांना कळले होते. युरोप श्रीमंत होता म्हणून त्याला ते जमले, असेही म्हणता येत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या मर्कोसुर गटाने २००२ मध्ये निवासाचा करार केला, ज्याने सदस्य देशाच्या नागरिकाला शेजारच्या देशात दोन वर्षांचा निवास आणि काम करण्याचा हक्क मिळतो आणि पुढे तो कायमही होऊ शकतो. त्याच गटाचा सामाजिक सुरक्षेचा बहुपक्षीय करार २००५ पासून लागू आहे. पराग्वेतून अर्जेंटिनात गेलेल्या मजुराचे जीवन त्यामुळे सुखाचे झाले असे नाही, पण आपली वर्षे कुठे मोजली जातात ते त्याला ठाऊक असते.

दक्षिण आशियाचा गट म्हणजे सार्क. १९८५ मध्ये ढाक्यात तो स्थापन झाला, २००६ पासून मुक्त व्यापार करार लागू झाला आणि २०१० मध्ये थिंफूला सेवाव्यापाराचा करार झाला. १९९२ पासून गटाची व्हिसामाफी योजनाही आहे. तिच्यात मंत्री, न्यायाधीश, खासदार, पत्रकार, उद्योजक, खेळाडू अशा चोवीस वर्गांना स्थान आहे. मजूर त्यात नाही. नोव्हेंबर २०१४ च्या काठमांडू शिखर परिषदेच्या जाहीरनाम्यात स्थलांतरित कामगारांचा विषय अखेर आला, पण तो दक्षिण आशियाबाहेरच्या देशांत काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेपुरता. आखातातल्या मालकांनी आपल्या माणसांना कसे वागवावे यावर आठही देशांचे एकमत होते. आपण एकमेकांच्या माणसांना कसे वागवतो, या प्रश्नाला त्या मजकुरात जागा मिळाली नाही. त्यानंतर शिखर परिषदच झालेली नाही. २०१६ ची इस्लामाबादची बैठक रद्द झाली आणि गट जवळजवळ ठप्प आहे. पण भारत-नेपाळ प्रश्नासाठी सार्कची वाट पाहण्याचे कारणच नाही. इथे मुक्त संचार गटाने दिलेला नाही, द्विपक्षीय कराराने दिलेला आहे, आणि त्यातली उणीवही द्विपक्षीयच भरून काढता येईल.

नोंद नसण्याची किंमत एरवी झाकलेली राहते, संकटात ती उघडी पडते. मार्च २०२० मध्ये दोन्ही देशांत टाळेबंदी झाली आणि सीमा बंद झाली. हजारो नेपाळी कामगार भारताच्या बाजूला अडकले. धारचुल्याला महाकाली नदीच्या अलीकडे अडकलेल्यांपैकी काही तरुणांनी नदीत उड्या टाकून पलीकडचा आपला काठ गाठला. कोकणातल्या बागांमध्येही कामगार अडकून पडले. किती माणसे कुठे आहेत हेच ठाऊक नसल्याने कुणाला किती शिधा द्यायचा आणि किती गाड्या सोडायच्या, याचा अंदाज दोन्ही सरकारांना बांधता येत नव्हता. त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. भारतात कमावलेले पैसे रोखीने घरी नेणे हीच या कामगाराची बँक. नेपाळमधल्या घराघरांत साठवलेल्या त्या जुन्या नोटा बदलून देण्याची व्यवस्था झालीच नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभरहून मोठ्या भारतीय नोटा वापरण्यावर बंदी घातली, तेव्हा हंगामाची कमाई घेऊन परतणाऱ्याला शंभराच्या नोटांचे पुडके अंगाशी बांधून गोरखपूर, रुपईडिहा किंवा बनबसामार्गे प्रवास करावा लागला. वाटेत लूट झाली तर तक्रार तरी कुठे करणार? रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये भारतातून नेपाळला पैसे पाठवण्याची खास सोय सुरू केली होती आणि २०२१ मध्ये तिची मर्यादा वाढवून दोन लाख केली. सोय चांगली आहे. पण बँकेच्या खिडकीशी जायला ओळखीचा आणि पत्त्याचा कागद लागतो, आणि बागेतल्या खोपटाला पत्ता नसतो.

नोंदीला सर्वांत गंभीर आक्षेप नेपाळी बाजूनेच येतो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. याद्या झाल्या की त्या हाकलण्यासाठी वापरल्या जातात, ही भीती या प्रदेशात अनुभवातून आलेली आहे. भूतानने १९८८ च्या जनगणनेत दक्षिणेकडच्या नेपाळीभाषक ल्होत्साम्पांची कागदपत्रांवरून वर्गवारी केली आणि पुढच्या काही वर्षांत लाखभर माणसे नेपाळमधल्या निर्वासित छावण्यांमध्ये पोचली. आसामच्या नागरिक नोंदणीतून २०१९ मध्ये १९ लाख लोक बाहेर राहिले, त्यांत नेपाळीभाषकही होते. दुसऱ्या बाजूला भारतातली सुरक्षेची चिंताही खोटी नाही. डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे विमान काठमांडूहून निघाल्यावरच पळवले गेले होते. १९५० च्या करारासह भारत-नेपाळ संबंधांचा आढावा घेण्यासाठी दोन्ही देशांनी नेमलेल्या जाणकारांच्या गटाने २०१८ मध्ये आपला अहवाल तयार केला, पण भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. याद्यांची भीती आणि सुरक्षेची चिंता अशा दोन्ही खऱ्या असल्यामुळेच नोंद सीमेवर होऊ नये, ती कामाच्या ठिकाणी व्हावी. ती नागरिकत्वाची नसावी, कामाची असावी. कोणत्या मालकाकडे किती दिवस, किती पगारावर, वारस कोण, एवढीच माहिती त्यात असावी. ती पोलिसांकडे किंवा परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे देण्यास कायद्यानेच मनाई असावी. ही मनाई नसेल तर कामगार फिरकणार नाही आणि त्याचे न फिरकणे योग्यच असेल. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यामुळे आजवर कुणाचा देश हिरावला गेलेला नाही. सुरक्षेचा प्रश्न त्याने सुटत नाही हे मान्य, पण पोलिसांचे ते काम मजुराच्या हजेरीपत्रकाकडून करून घेणेही बरोबर नाही.

दुसरा आक्षेप आपल्या बाजूचा आहे. नेपाळी कामगाराला सवलती दिल्या तर स्थानिकांची कामे जातील, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात कामे जातात ती तो स्वस्त असल्यामुळे, आणि तो स्वस्त आहे कारण त्याच्यामागे मालकाला पगाराखेरीज काहीच भरावे लागत नाही. किमान वेतन, विमा, भविष्यनिर्वाह निधी सर्वांना सारखा लावला की त्याला निवडण्याचे हे कारण उरत नाही आणि स्थानिक कामगाराची बाजूही सुधारते. शिवाय कोकणातला तरुण मुंबईला गेल्यामुळे बागेत माणूस लागतो, हे बागायतदार स्वतःच सांगतात. आणि हा करार एकतर्फी नाही. बिहार, उत्तर प्रदेशातले कितीतरी कारागीर, न्हावी, वीटभट्टी कामगार, भाजीविक्रेते नेपाळमध्ये पोट भरतात. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-विटा भागातून देशभर पांगलेल्या गलाई व्यावसायिकांपैकी काहींची सोने-चांदी गाळण्याची दुकाने नेपाळमध्येही आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे तरुणांचे आंदोलन भडकून सरकार पडले, तेव्हा अशा घरांमध्ये इकडे काळजीचे वातावरण होते. तिकडे आपल्या माणसाला सुरक्षितता हवी असेल तर इकडे त्यांच्या माणसाला ती देणे आले.

राहिला पैशाचा मुद्दा. आंबा बागायतदाराचे एखादे वर्ष अवकाळी पावसाने, थ्रिप्सने, पडलेल्या भावाने जाते. त्याच्यावर आणखी कागदपत्रांचा बोजा कसा टाकायचा? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने देशाच्या आधी शोधलेले आहे. १९६९ चा माथाडी कायदा नेमका अशाच कामगारासाठी झाला, ज्याचा मालक रोज बदलतो आणि ज्याचे हजेरीपत्रक कुणीच ठेवत नाही. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळाकडे भरतो. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधोपचार हे सगळे मंडळ पाहते. १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठीही याच धर्तीचा कायदा झाला. कोकणातून आलेली हापूसची पेटी वाशीच्या बाजारसमितीत ज्याच्या खांद्यावरून उतरते, त्या माथाडी कामगाराला या व्यवस्थेचे छत्र आहे. तीच पेटी भरेपर्यंत सहा महिने ज्याने राखण केली, त्याला नाही. बागेतल्या आणि नौकेवरच्या हंगामी कामगारासाठी असे मंडळ काढले, लेव्ही प्रत्यक्ष कामाच्या महिन्यांपुरतीच ठेवली आणि पहिली काही वर्षे लहान बागायतदारांचा वाटा सरकारने उचलला, तर बोजा पेलण्याजोगा राहील. हे मंडळ नेपाळींपुरते नसावे. त्याच बागेत राबणारा कर्नाटकातला किंवा झारखंडचा मजूरही त्यात आला पाहिजे, नाहीतर एकाच झाडाखाली दोन कायदे होतील.

केंद्राला करायचे आहे ते तर फारसे अवघडही नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत परदेशी कामगारांसाठी वेगळे नियम आहेत, पण १९५० च्या कराराचा आधार घेऊन नेपाळी नागरिकाला भारतीय कामगारच मानावे अशी तरतूद त्यात आहे. म्हणजे तत्त्व मान्य झालेले आहे. ते कारखान्यातल्या आणि मोठ्या कंपन्यांतल्या थोड्यांना लागू पडते. बाग, नौका, सोसायटी आणि घरकाम यांच्यापर्यंत ते पोचवायचे राहिले आहे. त्याच्या जोडीला नेपाळबरोबर सामाजिक सुरक्षेचा करार हवा. भारताने जर्मनी, फ्रान्स, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्यासारख्या अनेक देशांशी असे करार केले आहेत. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करार करताना भारतीय कर्मचाऱ्यांना तिथे दुहेरी वर्गणी भरावी लागू नये यासाठी भारत अडून बसला आणि ते मिळवले. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कर भरून काही वर्षांत परतणाऱ्या भारतीय अभियंत्यांचे, त्यांत पुण्या-मुंबईचे कितीतरी, पैसे बुडतात ही तक्रार आपण वर्षानुवर्षे वॉशिंग्टनकडे मांडत आलो आहोत, आणि ती रास्त आहे. बाजुराहून येऊन देवगडच्या बागेत दहा हंगाम काढलेल्या माणसाची मागणी हीच आहे. तिच्यावर नेपाळशी बोलणी सुरू करायला नवा मैत्री करार लागत नाही की सार्कची परिषद लागत नाही. काठमांडूनेही आपल्या कल्याण निधीचे दार भारतात जाणाऱ्यांसाठी उघडले पाहिजे आणि श्रमपरवान्याची सक्ती न करता ते कसे करायचे, हे त्या बोलण्यांच्या पहिल्याच बैठकीत ठरवता येईल.